पाच इंची फिल्टर

४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस आणि मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवतो. शेडच्या मालकाने नोटीस दिली आहे. तीस जूनपर्यंत बाबांची गाडी तिथून हलली नाही तर तो भंगारवाल्याला बोलावणार. तुमच्या अंगणात ती उभी करायला दाजींनी हो म्हटलंय, तेव्हा मिस्त्री चालवेल आणि मी शेजारी बसून घेऊन येईन. इंजिन ठणठणीत आहे. घोडं अडलंय ते ऑइल फिल्टरवर.

हा हल्लीसारखा बंद डबा नव्हे. लोखंडी वाटी असते, तिच्यात कागदी घड्यांचं नळकांडं बसतं आणि वाटी बोल्टाने आवळायची. जुनं नळकांडं मोजून होईपर्यंत हातात टिकलं, मग त्याचा काळा चिखल झाला. मिस्त्री म्हणतो, फिल्टरशिवाय तीनशे किलोमीटर नेलीत तर इंजिन वाटेतच जाम होईल. इथे एकाकडे जुना माल आहे. त्याने किंमत सांगितली तेव्हा मला वाटलं हा दुकानच विकतोय. माझ्या पेन्शनीत ते बसत नाही. तुमच्याकडे सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे स्वस्तात बघ. उंची नेमकी पाच इंच. घेर पेन्सिलीने कागदावर काढून सोबत जोडलाय.

मी कायमचं तुमच्याकडे राहायला यावं हे तुझं पालुपद कळलं. आईचं शिलाई मशीन सोडून मी येणार नाही, हे तुला माहीत आहे. खिडकीखाली चौतीस इंच जागा आहे म्हणालीस. मशीन मोजलं, साडेचौतीस भरलं. तेव्हा तो विषय सध्या मिटला. गाडी ठेवून मी परत येईन.

दाजींना नमस्कार. आहे तो लोभ तसाच ठेव.

तुझा,
दादा

१३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या फिल्टरपायी माझ्या पायांचे तुकडे पडले. अकरा दुकानं झाली. पहिल्या सहांनी गाडीचं नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू बैलगाडीचा आरसा मागतेय. एकाने हे मॉडेल बंद होऊन तीस वर्षं झाल्याचं मलाच समजावून सांगितलं. एकाने तुला सांगितली तीच किंमत सांगितली आणि वर म्हणाला की हौसेला मोल नसतं. हौस माझी नाही, माझ्या भावाची आहे, असं त्याला सांगून बाहेर पडले.

शेवटी गल्लीच्या टोकाला एक म्हातारे दुकानदार भेटले, कानावर पेन्सिल लावलेले. त्यांनी तुझा कागद काउंटरवर पसरला, त्यावर एकेक नळकांडं उभं करून पाहिलं आणि म्हणाले की शेतातल्या डिझेल पंपाचा ऑइल फिल्टर याच घेराचा येतो, उंची तेवढी सांगा. मी पाच म्हटलं. त्यांनी पाचाचा काढून दिला, तोही एका जेवणाच्या पैशांत. तो पार्सलने पाठवलाय.

दादा, मशीनचं निमित्त पुरे. फेब्रुवारीत न्हाणीघरात पडलास ते आम्हाला शेजाऱ्यांकडून तीन दिवसांनी कळलं. त्यानंतर एकदाही मला नीट झोप लागलेली नाही, हे तुला सांगून ठेवते. तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरची माया या उन्हातल्या पायपिटीच्या प्रमाणात वाढव.

तुझी,
धाकटी

२० मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. फिल्टर घेराला चपखल बसला, उंचीने घात केला. वाटी बंदच होईना. मिस्त्रीने जोर लावला तर कागदाच्या घड्या दबायला लागल्या. मोजून पाहिलं तर सहा इंच. मी पाच लिहिलं होतं, माझ्याकडे पत्राची नक्कल आहे.

तुला दोष देत नाही. तू बोलण्यात गुंतलीस आणि त्याने हाताला लागेल तो बांधून दिला. पुन्हा जा, आणि समोर मोजून घे. शेडमालक रोज चक्कर मारतो आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो. मला ते आवडत नाही.

लोभ असू दे, पण लक्षही असू दे.

तुझा,
दादा

२६ मे

ती. दादास,
नमस्कार.

मी बोलण्यात गुंतले नव्हते. तरीही पुन्हा गेले. यांना सोबत नेलं, म्हणजे साक्षीला माणूस असावा. दुकानदारांनी पोलादी पट्टी लावून आम्हा दोघांसमोर मोजलं. पाच. यांनी स्वतः मोजलं. पाच. दुकानदारांनी बिलावर तसं लिहून सही केली आणि विचारलं की तुमचे बंधू काय करतात. वजनमापांचे निरीक्षक होते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पुन्हा एकदा मोजलं बिचाऱ्यांनी.

आता हा बसला नाही तर मी हात टेकले. माझी कंबर धरलीय, यांची सुट्टी वाया गेली, आणि तू तिकडून पत्राच्या नकला सांभाळतोस. लहानपणी अभ्यासावरून असाच मागे लागायचास.

माझा राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही पावले, असं उलटटपाली कळव.

तुझी,
धाकटी

२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दुसराही सहाच. बिलावर पाच, हातात सहा. बत्तीस वर्षं मी व्यापाऱ्यांची मापं तपासली, दांडी मारणाऱ्यांची भली मोठी दुकानं बंद केली, आणि आता माझ्याच बहिणीला कुणी तिच्या डोळ्यांदेखत फसवतो. पट्टीच खोटी असणार. खोट्या पट्टीने दहा जणांनी मोजलं तरी तेच येणार. त्याचं नाव आणि पत्ता पाठव. तक्रारीचा मसुदा तयार आहे.

माझ्या मापाबद्दल शंका घेऊ नकोस. ऑफिसची पट्टी मी निवृत्तीच्या दिवशी परत केली, सरकारी वस्तू घरी ठेवणाऱ्यांतला मी नाही. मी मोजतो ते आईच्या मशीनच्या खणातल्या टेपने. त्या टेपवर तिने आयुष्यभर गावाचे कपडे शिवले आणि कुणाचाही सदरा कधी मापाबाहेर गेला नाही. फिल्टर, वाटीची खोली, मशीन, सगळं मी त्याच टेपने मोजलंय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असला तरी आकडा मला दिसतो.

काल भंगारवाला येऊन गेला. त्याने दार उघडलं, बाबांच्या सीटवर बसला आणि गाडीचं वजन किती भरेल ते मिस्त्रीला विचारलं. मला विचारलं नाही. मी घरी आलो आणि जेवलो नाही. मला फार वाईट वाटलं, धाकटे. अठ्ठावीस दिवस उरलेत.

तुझा,
दादा

७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि इतकी हसले की हे पळत आले. मग रडले. मग पुन्हा हसले.

दादा, आईची टेप एक इंच कमी आहे. तू कॉलेजात होतास तेव्हा तिचं टोक इस्त्रीखाली जळलं. आईने जळका इंच कापून टाकला आणि पितळी पट्टी पुन्हा टोकाला बसवली. नवी टेप आण म्हटलं तर म्हणाली, बाकीचे एकोणसाठ इंच काय वाईट आहेत. त्यानंतर गिऱ्हाइकाचं माप घेताना ती आकडा सांगायची आणि मी वहीत एक सोडून लिहायची. छत्तीस म्हणाली की पस्तीस, आणि कापड आखायचं ते लाकडी पट्टीने. कुणाचा सदरा मापाबाहेर गेला नाही तो त्यामुळे. तुला कुठून माहीत असणार. सुट्टीत आलास की तू बाबांबरोबर गाडीखाली असायचास, मशीनपाशी मीच.

टेप काढ आणि पितळी पट्टीपासूनचा पहिला आकडा बघ. दोन असेल.

म्हणजे तुझा फिल्टर चार इंची. दुकानदारांकडे आजच जाऊन आले. सगळं ऐकून त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा लावली, आणि चाराचा फिल्टर दिला. पैसे घेईनात. तुझ्यासाठी निरोप दिलाय की मसुदा फाडलात तरी चालेल. पार्सल सोबत आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का, ते मी लिहीत नाही. तू हुशार आहेस.

माझ्यावर लोभ आहे ना, तर आता तो दाखव.

तुझी,
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पहिला आकडा दोनच आहे. गेले दीड महिने मी फक्त शेवटचा आकडा वाचत होतो. दुकानदारांना माफीचं स्वतंत्र पत्र लिहिलंय, ते तू स्वतः नेऊन दे. मसुदा फाडला.

फिल्टर बसला. वाटी बोल्टाच्या चार फेऱ्यांत बंद झाली. मिस्त्रीने अर्धा तास इंजिन चालू ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. तेलाचा एक थेंब पडला नाही. शेडमालक आला, आवाज ऐकून दारातच थांबला आणि बॉनेटला हात न लावता परत गेला.

घरी आल्यावर मशीन पुन्हा मोजलं. साडेचौतीस. एक सोडून साडेतेहतीस. तुझ्या खिडकीखाली बसतं, वर अर्धा इंच उरतो.

आता खरं लिहितो. मे महिन्यात ते साडेचौतीस भरलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तुझ्या घरी ओझं होऊन राहायचं नाही, हे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मशीनच्या आड उभा राहिलो. न्हाणीघरात पडलो तेव्हा दोन तास तिथेच होतो. शेजाऱ्यांना मी पाच मिनिटं सांगितलं. त्या दोन तासांत तुला हाक मारत होतो. एवढ्या लांबून तुला ऐकू जाणार नाही, हे कळत असूनही मारत होतो.

एकवीस तारखेला सकाळी निघतो. मिस्त्री चालवेल, मी शेजारी, मागच्या सीटवर मशीन. घराची किल्ली घरमालकाला देऊन येतोय. खिडकीखालची जागा रिकामी करून ठेव. नवी टेप आणू नकोस, मी एक सोडून मोजायला शिकलोय.

लोभ काय तो आता समोरासमोरच.

तुझा,
दादा