ट्रंकेतलं घड्याळ

बाबा, उद्या दादाकडे अकोल्याला जायचं आहे. त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे. बॅग भरून झाली, आईच्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवल्या, आणि मनगटावर कुठलं घड्याळ घालायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही. शाळेतल्या बाई हसतात. मोबाइल आल्यापासून घड्याळ लागतं कशाला, म्हणतात. त्यांना काय सांगू? समोर टेबलावर दोन घड्याळं आहेत. एक माझं, मिस्टरांनी घेऊन दिलेलं. दुसरं तुमचं, पांढऱ्या तबकडीचं, सोनेरी कडेचं, बंद पडलेलं. म्हणजे कालपर्यंत बंद असलेलं. आणि तुमचं असं म्हणते आहे, पण आता तेही खात्रीने म्हणता येत नाही. म्हणूनच लिहायला बसले.

प्रवासात तुम्ही नेहमी हे बंद घड्याळ घालायचात. आपण मामाकडे नाशिकला एसटीने निघालो आहोत. मी खिडकीत, तुम्ही मधे, दादा कडेला. तुमच्या मनगटावर घड्याळ, आणि तुम्ही शेजारच्या माणसाला विचारता, "किती झाले हो?" तो आधी तुमच्या मनगटाकडे बघतो, मग तुमच्या तोंडाकडे. वेळ सांगतो. थोड्या वेळाने तुम्ही मागे वळून दुसऱ्याला विचारता, कारण पहिल्यावर तुमचा विश्वास नसतो. मला इतकी लाज वाटायची, की एकदा मी त्या शेजारच्या माणसाला सांगून टाकलं, "बाबांचं असंच चांगलं घड्याळ घरी ट्रंकेत आहे. हे नुसतं चोरांसाठी." तो माणूस हसला. तुम्ही हसला नाहीत. नाशिकला उतरल्यावर माझा दंड धरून म्हणालात, "घरात काय आहे ते गाडीत सांगायचं नसतं. समजलं?"

समजलं, बाबा. इतकं नीट समजलं की आजही रिक्षात कोणी "कुठं राहता?" विचारलं, तर मी एक स्टॉप आधीचं नाव सांगते.

दहावीच्या परीक्षेला मी ते चांगलं घड्याळ मागितलं होतं. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून जेवत होतात, आई भाकरी थापत होती. तुम्ही घास हातात धरून थांबलात. मग म्हणालात, "वर्गात भिंतीवर असतं घड्याळ." आई एकदम बोलली, "पोरगी मागतेय..." आणि मधेच गप्प झाली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. त्या बघण्याचा अर्थ मी इतकी वर्षं एकच लावला. दादाला दिलं असतं, मला देणार नाही. पोरगी हरवील, नाहीतर कोणाला तरी देऊन टाकील. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पेपर लिहिले. ते मागे पडत होतं.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर ट्रंक उघडली. किल्ली दादाकडे होती. मी पोचले तेव्हा ती उघडलेलीच होती. पांढऱ्या फडक्याची गाठ, जी तुम्ही दुरून दाखवायचात आणि "आहे, आहे" म्हणायचात, ती सुटलेली. आत काही नाही. दादा म्हणाला, "घड्याळ नाहीच आहे गं." मी म्हटलं, "बरं." वहिनीकडे बघितलं. ती चहाचे कप उचलत होती. पुढच्या दिवाळीला दादाच्या हातात पांढऱ्या तबकडीचं, सोनेरी कडेचं घड्याळ. मी विचारायच्या आत म्हणाला, "बोनसमधून घेतलं." विचारायच्या आत का सांगितलं? हा प्रश्न मी डायरीत किती वेळा लिहिला असेल! त्याच्याशी भांडले कधीच नाही. राखी पाठवली, मुलांच्या वाढदिवसाला फोन केला. पण त्याच्या घरी राहायला गेले नाही, आणि तो इथे आला की बोलताना माझी नजर त्याच्या बाहीवर असायची. त्यालाही ते कळत असणार. अलीकडे तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून येतो.

परवा आईसमोर दोन्ही घड्याळं ठेवून मी म्हटलं, "कुठलं घालू?" खरं सांगायचं तर सहज म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघायचं होतं.

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बंद घड्याल घालून जातंस का भावाच्या दारी? त्याच्या हातातलं बघाला?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हनतंस कवा तू? डोल्यानी बोलतंस. बापावर गेलीस." मग ताट बाजूला सरकवून म्हणाली, "त्या ट्रंकेत घड्याल नव्हतंच, बाय. तू आठवीत होतीस तवाच गेलं ते."

मग तिने सांगितलं ते असं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या तुमच्या कारखान्यात लूमवर घड्याळ घालून काम करायचं नाही, पट्ट्यात अडकून हात जायचा, असा तुमचाच नियम. शिफ्टला आले की सगळे घड्याळं काढून जॉबरच्या, म्हणजे तुमच्या, बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. लूम दुरुस्त करायचात तुम्ही, आणि घड्याळं सांभाळायचातही तुम्हीच. त्या वर्षी सगळ्यांनी एकाच छापाचं घड्याळ घेतलं होतं. एक दिवस शिफ्ट सुटताना एका भय्याचं घड्याळ डब्यात नव्हतं. आरडाओरडा झाला. कोणीतरी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचं नाव घेतलं. ती डब्याजवळ बसायची, एवढंच. नवरा नव्हता तिला. चार पुरुष म्हणाले, हिची झडती घ्या. "झडती म्हंजे काय ते कल्तंय ना तुला?" आई म्हणाली. "तुझ्या बाबानं सगल्यांना गप केलं, मशीनखाली हात घातला, आन् सोताचंच घड्याल काढून दिलं. बोल्ला, हे बघा, हितं पडलं व्हतं."

"आणि त्या माणसाचं?"

"ते भिस्सीत." भिस्सी म्हणजे ही मंडळी जेवायची ती खानावळ. वीज गेलेली, शिफ्ट लांबलेली, म्हणून तो भय्या तोवर तिथे कणीक मळायला बसला, घड्याळ काढून पिठाच्या पिंपाच्या काठावर ठेवलं आणि विसरला. रोजच्यासारखं डब्यात टाकलं असंच त्याच्या डोक्यात. पिंपाच्या तळाशी ते सापडलं तेव्हा पीठ जाऊन बंद पडलेलं. तो संध्याकाळी घरी आला, तुमचं घड्याळ परत द्यायला, आणि दारात रडायला लागला. तुम्ही घेतलं नाहीत. त्याचा हात मोकळा आणि तुमच्या हातात घड्याळ दिसलं, तर सगळे विचारतील की मग मशीनखाली सापडलं ते कोणाचं, आणि गोष्ट फिरून त्या बाईवर येईल, की तिला वाचवायला जॉबरने नाटक केलं. म्हणून बंद पडलेलं तुम्ही ठेवून घेतलंत, आणि आम्हाला सांगितलंत की प्रवासासाठी बाजारातून जुनं उचललंय, चांगलं ट्रंकेत आहे.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यानी शपथ घातलेली. आन् तुमी इचारलंत कवा? नुसत्या नजरा लावल्यात एकमेकांवर."

बाबा, मी काय करायला हवं होतं? रडायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि आधण उकळेपर्यंत विचार करत उभी राहिले, की आई हे आजच का सांगते आहे. मी दादाच्या घरी निघाले आहे म्हणून? तिचा जीव त्याच्यावर जास्त, हे काही मी नवीन म्हणत नाही. लेकीने लेकाला चोर समजू नये म्हणून आईने एवढी गोष्ट रचली नसेल कशावरून? मग मनात आलं, दहावीच्या वेळी ती मधेच गप्प झाली होती, त्याचं काय? आणि मी स्वतः ते चांगलं घड्याळ, आठवीनंतर, उघड्या डोळ्यांनी कधी बघितलं होतं का? आठवत नाही. फडकं आठवतं. गाठ आठवते.

एक पुरावा होता. या घड्याळाच्या काचेखाली कडेला पांढरट काहीतरी साचलेलं आहे. लहानपणापासून मी ते रुई समजत आले. भिवंडीत लूममुळे कशातही रुई जाते. पण आत रुई नसून पीठ निघालं, तर आई खरी आणि दादा सुटला. म्हणून काल शाळा सुटल्यावर घड्याळ घेऊन निजामपुऱ्यात एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेले. तुम्ही शिकवल्याप्रमाणे दुकानदाराला म्हटलं, "मेरे सामने खोलो." त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. मी पुढे वाकले. आणि मी बघायच्या आत त्याने रबरी फुगा उचलून फस् फस् करून सगळं उडवून टाकलं.

"अरे! क्या था वो?"

"कचरा था, साफ कर दिया."

"कैसा कचरा? रुई थी या आटा?"

त्याने भिंग काढलं. "बाई, भिवंडी में घड़ी खोलोगे तो रुई ही निकलेगी, केसर थोड़ी निकलेगा."

"पण तुम्ही बघितलं का नीट?"

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. दोन्ही हात वर करून, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "देखो, मैंने अंदर से कुछ निकाला नहीं है. आपके सामने खोला, आपके सामने बंद किया. शक है तो कहीं और दिखा लो."

त्या दुकानात मी, तो आणि ते गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत उभे होतो. टेबलावरची धूळ तर आधीपासूनच पांढरी होती. मी बोट फिरवलं तिच्यावरून. ते बोट नाकाशी नेलं, हेही तुम्हाला सांगून टाकते. मशीन तेलाचा वास आला. तोवर त्याने चावी दिली होती आणि घड्याळ चालायला लागलं होतं.

आत्ताही टेबलावर चालतंय. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकते आहे. ते तुमचं नाही, एका अशा माणसाचं आहे जो विसराळू होता आणि नंतर तुमच्या दारात रडला. किंवा तसा माणूस नव्हताच. पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येते. आईला गोष्ट रचायचीच असती, तर तिने सोपी रचली असती. वाटेत पडलं, चोरीला गेलं, एवढं पुरलं असतं. त्या बाईची झडती तिला सुचली नसती. आणि कोणावरही विश्वास न ठेवणारे तुम्ही, चार पुरुषांसमोर मशीनखाली हात घालता आहात, हे मला डोळ्यांपुढे दिसतं. ते खरं असावं असं मला फार वाटतं. मला फार वाटतं म्हणूनच त्याची खात्री धरवत नाही.

उद्या हेच घालणार आहे. मानकोली नाक्यावर बसची वाट बघताना कोणालातरी वेळ विचारीन, सवय म्हणून. हा कागद बरोबर नेणार नाही. घरातलं गाडीत न्यायचं नाही, तेव्हा तो तुमच्या ट्रंकेत, आता ती माझ्याकडेच असते, त्या फडक्यात बांधून ठेवते. गाठ तुमच्यासारखीच मारते आहे. अकोल्याला पोचल्यावर दादाला सगळं सांगायचं, असं मी आईला कबूल केलंय, आणि सांगणारही आहे. पण त्याआधी, बाबा, मी त्याला एकदा विचारणार आहे, "दादा, किती झाले रे?" माझ्या हातात चालू घड्याळ असताना. तो बाही वर करील, आणि मी बघीन.