आईवरचा पिवळा उजेड

शिनोली,
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. संघर्ष यास,
रत्नाताईचा सप्रेम जय भीम.

तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील. इकडे पाऊस थांबून थांबून चालू आहे, डिंभ्याचं धरण भरलं, भात पोटरीत आलाय, आता लोंब्या बाहेर पडतील. कळंबचा ऋतिक परवा दुबईला तुमच्याच कंपनीत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. दर रविवारी तोंड बघून बोलणारी ताई पत्र कशाला लिहिते, असं वाटेल तुला. फोनवर आई शेजारी असते. आणि फोनवर मी खोटं फार छान बोलते.

माझ्या ऑनलाइन शिवणक्लासच्या दिव्यावरून तू मला किती चिडवलंस. क्लास कमी आणि नाटक कंपनी जास्त, म्हणायचास. पण तुला काय माहीत, आधी खिडकीला पाठ करून बसायचे तर बायकांना माझं तोंड कोळशासारखं दिसायचं. डोक्यावर ट्यूब घेतली तर डोळ्यांखाली काळं. शेवटी मंचरहून तो गोल दिवा आणला. एका बटणावर तीन रंग, पांढरा, मधला आणि पिवळा. क्लासला मी कायम पांढराच लावते, कारण पिवळ्यात जांभळं कापड तपकिरी दिसतं आणि बाई भलत्याच रंगाचं अस्तर लावून मोकळी होते. दर बॅचला पहिल्याच दिवशी मी हे शिकवते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मे महिन्यात तू म्हणालास, आई उतरलेली दिसते. तुझा चेहरा एवढासा झाला होता. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "तुझा त्यो दिवा माझ्याव लाव की. पोरगं लांब हाय, जिवाला घोर लावून घेईल."

पुढच्या रविवारी मी बटण पिवळ्यावर नेलं, दिवा जरा मागे सरकवला. गालांचे खड्डे भरून आले. तू हसलास, म्हणालास, आई तर टवटवीत आहे, मग जूनची सुट्टी दुसऱ्याला देतो आणि डिसेंबरातच येतो. आई खूश झाली. खरं सांगते, मीही स्वतःवर खूश झाले.

जुलैत तिचं जेवण तुटलं, अंगाला खाज सुटली. तू पुण्याच्या डॉक्टरांची व्हिडिओ कॉलवर वेळ घेतलीस आणि स्वतःही कॉलवर बसलास. त्याच दिवशी सकाळी अंगणात मला तिचे डोळे पिवळसर वाटले होते. जागरणाने असेल, अशी मी मनाची समजूत काढली. डॉक्टर म्हणाले, डोळे दाखवा. मी पापणी खाली ओढून तिला कॅमेऱ्यापुढे धरलं. दिवा पिवळाच होता. माझं बोट बटणावर गेलं होतं, संघर्ष. पांढरा केला तर ती किती उतरलीय ते तुला दिसेल, म्हणून मी हात मागे घेतला. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक वाटतात. पित्ताच्या गोळ्या दिल्या. पिवळ्या उजेडात पिवळे डोळे कुणाला दिसणार?

ऑगस्टअखेर ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा मंचरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दारातल्या उजेडात एकदाच पाहिलं आणि कावीळ किती दिवसांची आहे, म्हणून विचारलं. मग पुण्याला तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ आहे, ती यकृतात पसरली आहे. दीड महिना आधी आणलं असतं तर निदान ऑपरेशनचा विचार करता आला असता, म्हणाले. आता ऑक्टोबर निघेल, पुढचं सांगत नाहीत.

तुला कळवायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली आहे. तिला सगळं माहीत आहे. तरी रविवारी वेणी घालून बसते आणि म्हणते, "लाव गं दिवा, संघर्षचा फोन यील." परवाही मी लावला. डिसेंबरला येताना काय आणू, म्हणून तू विचारलंस, तर तिनं स्वेटर सांगितला. मी कॅमेऱ्याच्या मागे तोंडात पदर कोंबून उभी होते.

माफी मागत नाही. मागून काय होणार? सुट्टी मिळेल तसा नीघ. या रविवारी मात्र दुपारी फोन कर. मी दिवा लावणार नाही, दिवसाचा उजेड पुरे म्हणेन आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवीन. ती आहे तशी तुला दिसेल. तेव्हा तू आधीच तुझ्या खोलीतला दिवा तोंडावर नीट घेऊन बस, आणि हस. तुला कळलंय, हे तिला दिसता कामा नये.

जमलं तर मला ताई म्हणत राहा.

तुझी,
रत्ना