माडीच्या फळ्यांना तेल पाजल्याची हकिगत

पनवेल,
मे १९९२

तीर्थस्वरूप गोदूवन्सं यांना सुमतीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत (माझे गुडघे सोडून, त्यांचं पुढे येईलच). तुमची कंबर कशी आहे? उरणचं खारं वारं तिला मानवत नाही असं भावजींनी कळवलं होतं. आणखी पुष्कळ चौकशा मनापासून करायच्या होत्या, पण मला दम धरवत नाही. वन्सं, मी आपल्या माडीची जमीन नवी केली. स्वतः, या हातांनी.

झालं असं, की तुमच्या बंधूंनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) ठरवलं, माडीच्या सागवानी फळ्या उपटायच्या, स्लॅब घालायचा आणि वर लादी बसवायची, नवीन पनवेलच्या फ्लॅटात असते तशी. मी साफ नको म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला परकी न वाटलेली जागा तेवढीच. दुपारी फळीवर गाल टेकून निजलं की खालच्या चुलीची ऊब वर यायची. मी भांडले, अबोला धरला, पुन्हा भांडले. शेवटी हे म्हणाले, अक्षय तृतीयेपर्यंत या लालभडक फळ्या बघण्यासारख्या करून दाखव, नाहीतर लादीवाला येईल. (लालभडक कुणी केल्या? मामंजींनी. बैलगाडीसाठी आणलेला रंग उरला म्हणून. थोरामोठ्यांबद्दल बोलू नये, तेव्हा इथेच थांबते.)

मग काय, पदर खोचला, फुटक्या आरशाची काच घेतली आणि गुडघ्यांवर बसून रंग खरवडायला लागले (गुडघे गेले ते इथे). त्यावर पॉलिशपेपर. वन्सं, पहिल्या फळीतून सागवानाच्या रेषा वर आल्या ना, तेव्हा मी एकटीच हसले आणि मग थोडी रडलेसुद्धा. असलं मधाच्या रंगाचं लाकूड आपण इतकी वर्षं तुडवत होतो आणि कुणाला पत्ता नाही! फटींतून लाल धूळ खाली स्वयंपाकघरात पडायची. एकदा वालाच्या बिरड्यात पडली. रंग बघून ह्यांनी विचारलं, आज तिखट वेगळं वापरलंस का? मी हो म्हटलं. त्यांनी मागून वाढून घेतलं.

रंगाच्या दुकानदारानं बजावलं होतं, जवसाचं तेल फडक्यानं पातळ पुसा, पुरतं वाळू द्या, मगच वॉर्निश. पण तेल लावताना हात आखडता घेणं मला कधी जमलंय? बाळंतिणीला चोळावं तसं मी त्या फळ्यांना चोळलं. बिचाऱ्या पीत होत्या, म्हणून मी पाजत राहिले. वर लगेच वॉर्निशचा जाड हात दिला. अशी चकाकी आली की छताचा पंखा जमिनीत दिसायला लागला. चैत्राचं हळदीकुंकू मी मुद्दाम तृतीयेलाच ठेवलं आणि सगळ्या आळीला माडीवर बोलावलं.

शेजारची नीता सतरंजी घेऊन आली, तिला मी आल्या पावली परत पाठवलं. एवढं लाकूड काय झाकायला चकाकवलं होतं? बायका तशाच जमिनीवर बसल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, आणि कौतुक तर इतकं झालं की मी हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या विसरले. मग बेलपाड्याची जिजा, आपली भाजीवाली, निघायला म्हणून उठू लागली आणि होती तिथेच परत बसली.

"वैनी," ती म्हणाली, "मी उठतंय, पन लुगरं नाय उठत."

मग कुणालाच उठता येईना. वॉर्निश वरवर सुकलं होतं, खाली तेल तसंच होतं, आणि त्यात बसलेल्यांची ऊब. एकेक बाई उठताना चर्र आवाज यायचा आणि बाकीच्या हसून लोळायच्या बाकी राहायच्या. कधी न हसणाऱ्या वेणूकाकूंच्याही डोळ्यांत पाणी आलं. हसत नव्हते ती मी एकटी, कारण जिन्याच्या तोंडाशी हे उभे होते. तोंड फिरवून खाली गेले. तेव्हापासून त्या विषयावर गप्प आहेत आणि मला विचारायचा धीर होत नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुमती

ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. वन्सं, माडीला हात लावू नकोस, अशा दोन ओळी धाकट्या भावाला लिहा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. मी सुचवलं हे मात्र लिहू नका.

आणखी एक ता. क. : जिजाचं लुगडं सुटलं. त्याच्या काठाची नक्षी दारालगतच्या फळीवर उमटली आहे. तशी बरी दिसते.

गोदूताई, सुमतीनं हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, ते चिकटवण्याआधी मी वाचलं. ती काच घेऊन गुडघ्यांवर बसली त्याच दिवशी लादीवाल्याला मी नको म्हणून कळवलं. तिला बोललो नाही. बोललो असतो तर काम अर्ध्यात टाकून उठली असती, आणि इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. हळदीकुंकवाच्या दिवशी गुपचूप खाली गेलो ते हसू आवरेना म्हणून. तू मला पत्र लिहीच, चांगलं रागावून लिही. तुझ्या धाकानं मी नमलो असंच तिला वाटू दे. आपण जिंकलो हे कळलं तर उद्या ती जिना खरवडायला बसेल, आणि काचेचा दुसरा तुकडा माझ्या हातात देईल.

काशिराम