ठासणीचीच आहे, आबा

तुआस, सिंगापूर
रविवार, १८ मार्च २००७

प्रिय आबा,

जय भीम. आधी निकाल सांगते, बाकीचं मागाहून. तुमची बंदूक ठासणीचीच आहे. हे मी लेक म्हणून म्हणत नाही, नळ्या आणि त्यांचे आटे तपासण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवलेली इंजिनियर म्हणून म्हणते. शिवाय माझ्या बाजूनं दोन अमेरिकन शिकारी उभे आहेत, आणि त्या दोघांचं एरवी कॉफीत साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही. परवापासून हे कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. फोन केला तर तुम्ही "आईशी बोल" म्हणून मोकळे होता, म्हणून कागद घेऊन बसले.

हो, मला सगळं कळलंय. आईनं सांगितलं, तिच्यावर चिडू नका. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी तुम्ही नेहमीसारखी बंदूक ठाण्यात जमा केलीत. परत आणायला गेलात तर नव्या साहेबांनी नळीच्या मागचा बोल्ट पाहिला आणि म्हणाले, ही मागून उघडते, म्हणजे काडतुसाची झाली, परवाना तर ठासणीचा, म्हणजे पुढून दारू ठासायच्या बंदुकीचा आहे, राहू दे इथेच. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे आणि तुम्ही तिकडे जायचं सोडून, बंदूक आणि परवाना स्वखुशीनं सरकारजमा करतो, असा अर्ज लिहून ठेवलाय. आबा, तो अर्ज देऊ नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांबा.

आता गंमत ऐका. आमच्याकडे तेलविहिरींच्या झडपा बनतात, आणि हेड ऑफिसहून सध्या वॉल्ट आणि डेल आलेत. वॉल्ट साठीला टेकलेला, पेनसिल्व्हेनियाचा. डेल तिशीतला, कोलोरॅडोचा. शुक्रवारी कँटीनमध्ये मी चिकन राइस घेऊन त्यांच्या टेबलावर बसले तर दोघांची जुंपलेली, आणि विषय काय, तर ठासणीची बंदूक कशाला म्हणावं. माझा चमचा हातातच राहिला. त्यांच्याकडे म्हणे हरणाच्या शिकारीला ठासणीवाल्यांचा वेगळा हंगाम असतो, म्हणून तिथे हा प्रश्न भांडण्याइतका मोठा आहे. वॉल्टचं म्हणणं, खरी ठासणीची म्हणजे चकमकीची. घोड्यातली गारगोटी लोखंडावर आपटली पाहिजे, ठिणगी पडली पाहिजे, आणि पाऊस आला तर गपचूप घरी परतलं पाहिजे. गेली तीसेक वर्षं तो नाताळानंतर अशाच बंदुकीनं जातो, कारण त्या हंगामात तिथे दुसरी चालतच नाही. डेलची बंदूक दिसायला अगदी आजच्या रायफलीसारखी, दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, दारू पेटवणारी केप नळीच्या बरोब्बर मागे सरळ रेषेत. त्याच्या राज्यात ती ठासणीच्या हंगामात चालते, पण तिच्यावर दुर्बीण लावायची नाही आणि दारू सुटीच भरायची, तयार वड्या चालत नाहीत. यावर वॉल्ट हसला आणि म्हणाला, आमच्याकडे हीच बंदूक ऑक्टोबरात दुर्बिणीसकट चालते, फक्त नाताळानंतर नाही.

मी मध्येच विचारलं, म्हणजे एकच बंदूक ऑक्टोबरात ठासणीची आणि डिसेंबरात नाही, असं कसं? वॉल्ट म्हातारा गंभीरपणे म्हणाला, ठासणीची ती बारा महिने ठासणीचीच, कुठल्या हंगामात तिला रानात न्यायचं एवढंच कायदा ठरवतो. तेवढ्यात आमचे स्टोअरचे मिस्टर टेओ शेजारच्या टेबलावरून कळवळून म्हणाले, "यू ऑल डोन्ट शाउट गन, गन, कॅन? लेटर सिक्युरिटी कम, ला." बिचाऱ्यानं स्वतः दोन वर्षं आर्मीत रायफल वाहिलीय. पण इथे खेळण्यातलं पिस्तूल विमानतळावर सापडलं तरी माणसाची धडगत नसते, त्याचंही बरोबर आहे. आम्ही आवाज खाली आणला.

मग मी टिश्यूवर तुमच्या बंदुकीची नळी काढली. नळीचं मागचं तोंड बंद करणारी जुनी खुंटी गंजली म्हणून कुडाळच्या वर्कशॉपमधून तुम्ही मागे आट्यांचा बोल्ट बसवून घेतला होता, साफसफाईला सोपं पडावं म्हणून. तो दाखवून विचारलं, ही मागून उघडते, आता ही कुठली? डेल हसायलाच लागला. त्याच्याही बंदुकीला तसाच बोल्ट आहे, शिकारीहून आलं की पान्यानं काढतो, काजळी धुतो, परत बसवतो. वॉल्टला डेलची बंदूक बघवत नाही, तरी तोही म्हणाला, दारू आणि छर्रा कुठून जातो ते बघायचं, साफसफाई कुठून होते ते नव्हे.

पण साहेबांना अमेरिकेचं सांगून उपयोग नाही, त्यांना नळीच दाखवायला हवी. म्हणून मी शनिवारचा अख्खा दिवस डोकं चालवलं. आबा, काडतूस मागून घालायचं तर त्याची कड टेकायला नळीत खाच लागते. तुमच्या नळीत ती नाही. काडतूस फोडायला सुई लागते, तुमच्या बंदुकीत सुईच नाही. घोडा पडतो तो बाहेरच्या केपवर. साहेबांनी ठाण्यातलंच एखादं रिकामं काडतूस घ्यावं, बोल्ट काढून मागून घालून बघावं आणि मग तो बोल्ट परत बसतो का तेही बघावं. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटत होते, शेजारच्या फ्लॅटमधली आँटी डोकावून गेली.

वॉल्टनं विचारलं, तुझ्या वडिलांनी किती डुकरं मारली? मी म्हटलं, एकही नाही. हे तुम्हाला वाटतं कुणाला ठाऊक नाही, पण मला सातवीपासून ठाऊक आहे. पडवीत तुम्ही मुलगा म्हणून धम्मदीपला शिकवायचात, दारू किती, काथ्या कसा कोंबायचा, गज किती वेळा मारायचा, आणि मी दारात सुपारी कातरत सगळं बघायचे. छऱ्यांची डबी तुम्ही कधी उघडलीच नाहीत. रोज पंचशील म्हणणारा माणूस नुसता बार काढायचा, सुरणाच्या वाफ्यातून डुकरं पळाली की झालं. वाडीत म्हणायचे, "गुरुजींचो नेम डुकरांका ठाऊक आसा, म्हणान ती निवांत खातत." तुम्ही हसून ऐकून घ्यायचात. डेलला हे काही केल्या पटेना. मग त्याला आजोबांचं सांगितलं. खोताच्या शिकारीत ते डबा बडवत रान उठवायचे, बंदुकीला मात्र हात लावायचा नाही, आणि वाट्याला सगळ्यात शेवटी आतडी यायची. त्यांचा मुलगा शिक्षक झाला, वाडीतला पहिला परवाना त्यानं काढला आणि इस्त्रीचा सदरा घालून, खांद्यावर बंदूक टाकून तो भर बाजारातून चालत आला. मी तेव्हा तुमच्या मागून पळत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की पायातली चप्पल तुटलेली कळली नाही. म्हणून "स्वखुशीनं" हा शब्द आईनं फोनवर वाचून दाखवला तेव्हा माझा संताप झाला.

आणि आता खरं कारण. अर्ज लिहून झाल्यावर तुम्ही आईला म्हणालात, भांडून सोडवून आणीनसुद्धा, पण आणू कुणासाठी? धम्मदीप पुणं सोडणार नाही, डोळे आता साथ देत नाहीत, परवाना माझ्याबरोबरच संपायचा. आबा, हा प्रश्न तुम्ही आईला विचारलात, धम्मदीपला विचारलात, मला विचारायचं तुमच्या मनातही आलं नाही. माझा एम्प्लॉयमेंट पास मे महिन्यात संपतो. तो पुढे वाढवू नका, मला घरी जाऊन बाग बघायची आहे, असं मी शुक्रवारी त्या टेबलावरून उठले ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आले. हे अजून आईलाही माहीत नाही. सुनावणीला मी येतेय, तिकीट काढलंय. नळीचं मी बोलेन, परवान्याचं तुम्ही बोला. आणि साहेबांनी विचारलं, गुरुजी, तुमच्यानंतर ही बंदूक कोण सांभाळणार, तर खाली बघू नका. माझ्याकडे बोट दाखवा.

तुमचीच,
अंजली