राहिलेल्या दोन ओळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आईने ते माझ्याआधी उघडून, उलटसुलट करून, परत पाकिटात घालून ठेवलं होतं. त्यामुळे तिचे आशीर्वाद आणि माझा नमस्कार दोन्ही एकदमच घे. आईची कंबर आता बरी आहे. बाबांचा खोकला डॉक्टरांसमोर गप्प बसतो आणि घरी आला की सुरू होतो. फोनवर तू ‘बरं आहे, ठेवते’ याच्यापुढे जात नाहीस, म्हणून मला आपली पत्रंच आवडतात. कामावर तुझ्या शेजारच्या शिलाई मशीनवरच्या मावशी तुला माझी पत्रं वाचून दाखवतात आणि तुझी लिहून देतात, त्यांनाही नमस्कार सांग. मावशी, हे तुम्हीच वाचताय ना? मग तुमचा तुम्हीच घ्या.

तू शिवलेला निळा लांब सदरा अगदी अंगाबरोबर बसला. खिसे इतके खोल आहेत की एकात खडू आणि डस्टर मावतं, आणि दुसऱ्यात मुलींकडून जप्त केलेला सगळा माल. गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘सदरा झकास आहे गं, पण यात तू बाई कमी आणि पोस्टमन जास्त दिसतेस.’ मी केस कापल्याचं आईने तुला कळवलं असेलच. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, ‘मागून जरा वाकडे कापलेत,’ तेव्हा समजलं, राग गेला.

आता मुख्य बातमी. सतरा तारखेला शिक्षण खात्याची तपासणी आहे. साहेब मागच्या बाकावर बसून माझा एक तास बघणार आणि शेरा लिहिणार. शेरा चांगला आला तर मी कायम होईन, नाहीतर एप्रिलनंतर घरी. जागा एकच आहे. बाबांनी मात्र मला आत्ताच कायम करून टाकलंय. गोदामावरच्या त्यांच्या सोबतच्या सगळ्या पहारेकऱ्यांना सांगून झालं, न्हाव्याला सांगून झालं. परवा न्हाव्याने मला रस्त्यात थांबवून त्याच्या नातीचं अक्षर दाखवलं आणि म्हणाला, ‘बघा बाई, काही होईल का हिचं?’

मला मुलींवर ओरडायला आवडत नाही. गोंगाट झाला की मी बाकावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करते. पहिल्या आठवड्यात कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता त्या दोन टकटकींनी अख्खा वर्ग चिडीचूप होतो. मोठ्या बाई एकदा दारातून बघून गेल्या आणि म्हणाल्या, ‘जादूटोणा चांगला जमलाय तुला.’

पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं होतं, तुला काय म्हणून हाक मारू? एकीने सांगितलं, ‘मला मॉनिटर म्हणा.’ वर्ग खो खो हसला, कारण तिला कोणी कधी मॉनिटर करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती अकरा वर्षांची आहे आणि ओळीखाली बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, आवंढा गिळते आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करते. एक उतारा वाचायला तिला सहा मिनिटं लागतात. मी रोज मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसते. आणि ताई, मी तिला कबूल केलंय, तपासणीच्या दिवशी उतारा तूच वाचायचास. आधी ती घाबरली. मग म्हणाली, ‘साहेबांना घाई नसेल ना?’

सगळ्याच मुली वाचू शकतात, कोणीतरी थांबायला हवं, एवढंच मला दाखवून द्यायचंय. हे वाचून हसू नकोस. मावशी, तुम्हीही.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

घाईत लिहितेय, वह्यांचा ढीग पडलाय. इकडे सगळं ठीक.

तपासणी झाली. तास चांगला झाला असं सगळेच म्हणाले. गणिताच्या बाईंनी मला मिठी मारली. तू मावशींनी लिहिलेल्या पत्राच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतंस, ‘तिने वाचलं का.’ तुझं अक्षर किती दिवसांनी पाहिलं! अगं, वेळच पुरला नाही. पस्तीस मिनिटं म्हणजे काय, बघता बघता संपतात. साहेबांनीच दुसऱ्या मुलीला उठवलं, ती भराभर वाचून मोकळी झाली.

सदऱ्याची एक शिवण काखेत उसवली होती, ती मी घातली. तुझ्यासारखी जमली नाही, पण दिसत नाही.

आईने विचारलंय, तुला सुट्टी कधी मिळणार? बाकी पुढच्या पत्रात.

तुझी,
धाकटी


११ मार्च, बुधवार

प्रिय ताई,

हे पत्र मावशींकडून वाचून घेऊ नकोस. म्हणूनच अक्षर मोठं काढलंय आणि ओळींत जागा सोडली आहे. एका दिवसात संपलं नाही तर दोन दिवस लागू देत.

आधी चांगली बातमी, कारण ती तुला आईच्या फोनवरून कळेलच. मी कायम झाले. साहेबांचा शेरा असा आहे : ‘वर्गावर उत्तम पकड. सर्व विद्यार्थिनींचा सहभाग.’ मोठ्या बाईंनी तो मला वाचून दाखवला. बाबांनी मला तो तीन वेळा वाचायला लावला आणि तिन्ही वेळा ‘सहभाग म्हणजे काय गं?’ असं विचारलं. तिसऱ्या वेळी मी चहा टाकायला उठले. त्यांना वाटलं, आनंदाचा चहा.

तू विचारलं होतंस, ‘मग दुसऱ्या दिवशी तरी वाचून घेतलंस ना?’ त्याला मी उत्तरच दिलं नाही. आता देते.

आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी ‘मदतनीस’ असं लिहिलेले पुठ्ठ्याचे बिल्ले निघतात. ज्या मुलींना वाचता येत नाही, ज्या अडखळतात, त्यांच्या छातीवर ते लावायचे आणि त्यांना नकाशांच्या खोलीत धूळ पुसायला पाठवायचं. सगळेच पाठवतात. गणिताच्या बाई सकाळी चार बिल्ले घेऊन माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, मला नकोत. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं वेडे, तुझ्या पस्तीस मिनिटांतली सहा तिला दिलीस, तर उरलेल्या मुलींना काय, आणि तुला काय? तू टिकलीस तर पुढची तीस वर्षं तिच्यासारख्यांना शिकवशील. घरी बसलीस तर कोणाला शिकवणार?’

मला त्यांचं पटलं. मी नाइलाजाने केलं असं तुला वाटायला नको, म्हणून हे लिहितेय. त्या वेळी ते मला खरंच शहाणपणाचं वाटलं.

तीन बिल्ले पटकन लावून झाले. चौथा तिला लावताना पिन वाकली. ती माझ्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, ‘बाई, पण माझा उतारा?’

‘नंतर.’

‘साहेब गेल्यावर?’

‘हो.’

‘मग साहेबांना कसं ऐकू येणार?’

मी म्हटलं, ‘जा बघू, पळ.’ ती गेली. पुस्तक तिने सोबत नेलं. मी ते पाहिलं.

नकाशांची खोली माझ्या वर्गाला लागूनच आहे. मधे भिंत आहे ती नुसती प्लायवुडची. तास चांगला चालला होता, ताई, हे खोटं नव्हतं. मुली हसत होत्या, उत्तरं देत होत्या. साहेबांनी दोनदा मान हलवली. मग मी पाच मिनिटं लिहायला दिलं आणि वर्ग शांत झाला. त्या शांततेत पलीकडून आवाज यायला लागला. ती वाचत होती. मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने. मी सांगितलं होतं तसं मान वर करून वाचत असणार, कारण शब्द स्पष्ट येत होते. जोडाक्षरापाशी थांबायची, पण वाक्य पहिल्यापासून घेत नव्हती. पुढे जात होती. पहिल्यांदाच पुढे जात होती.

साहेबांनी लेखणी थांबवून विचारलं, ‘हे काय चाललंय?’

मी म्हटलं, ‘पलीकडे दुसरा वर्ग भरतो, सर.’

आणि मी भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली.

आवाज लगेच बंद झाला. माझी कोणतीच सूचना मुलींनी इतक्या तत्परतेने पाळली नव्हती. साहेब मान हलवून पुन्हा लिहायला लागले. ‘उत्तम पकड’ त्यांनी तेव्हाच लिहिलं की काय, मला ठाऊक नाही.

तास संपल्यावर मोठ्या बाई मला चहाला घेऊन गेल्या. मी परत आले तेव्हा शाळा सुटली होती. बिल्ला माझ्या टेबलावर होता, पिन सरळ करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तुला लिहिलं की वेळ पुरला नाही, ते त्याच दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी. तेव्हाही तिचा बाक रिकामा होता. पत्र लिहिताना मला तो समोर दिसत होता.

मी वाट पाहिली. ताप असेल, पाहुणे असतील, रोज काहीतरी ठरवायचे. तिच्या घरी जायला पाय उचलत नव्हते. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत आली नाही तर हजेरीतून नाव कमी होईल. तेव्हा परवाच्या रविवारी सकाळी गेले.

दोन खोल्यांचं घर आहे. तिची मावशी कपडे धुऊन इस्त्री करून देते आणि ती आता मावशीच्या हाताखाली असते. पुढच्या खोलीत चादरींच्या घड्या छताला लागल्या होत्या. तिच्या आईने मला बसायला स्टूल पुसून दिलं आणि म्हणाली, ‘तुमचा काही दोष नाही हो बाई. तिलाच शाळा आवडत नाही.’

ताई, हे वाक्य मी आपल्या घरात लहानपणापासून ऐकत आलेय. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, मला, सगळ्यांना आई हेच सांगायची : मोठीला शाळा आवडत नव्हती. मीही मैत्रिणींना तेच सांगायचे. मग मी कॉलेजात असताना तू एकदा माझ्या कुर्त्याचं कापड बेतत होतीस आणि हसत हसत सांगितलंस, की पाचवीत असताना कोणी मोठे साहेब यायचे होते म्हणून तुझ्या बाईंनी तुला कपबशा विसळायला बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीच नाहीस. ‘कपबशा मात्र लख्ख विसळल्या हं,’ असं म्हणालीस. मी पण हसले होते. त्याच रात्री मी ठरवलं की आपण बाई व्हायचं. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

ती आतून आली. हात ओले होते, ते तिने झग्याला पुसले आणि माझ्यासमोर वर्गात उभी राहते तशी उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, ‘बाई, तुम्ही पास झालात ना?’

मी ‘हो’ म्हटलं. तिचा चेहरा खरंच उजळला. म्हणाली, ‘तुम्ही टकटक केलीत तेव्हा मी लगेच थांबले. साहेबांना ऐकू नाही ना गेलं?’

मग ती जरा जवळ सरकून, आईला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाली, ‘दोनच ओळी राहिल्या होत्या.’

मी म्हटलं, ‘उद्या शाळेत ये. सगळ्या वर्गासमोर वाच. मी मागच्या बाकावर बसेन.’ ती हसली. अगदी समजूतदार हसली. लहान मुलाचा हट्ट आपण हसून सोडून देतो ना, तशी. म्हणाली, ‘आता नको बाई. आता तुमचं झालं ना.’ आणि मावशीने हाक मारली म्हणून आत गेली.

सोमवारी नेमणुकीच्या कागदावर सही करायची होती. मी करणार नाही, असं रविवारी संपूर्ण रस्ताभर म्हणत आले. घरी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सहीला सोबत येणार होते, एक दिवस आधीच तयार होऊन बघत होते कसं दिसतं ते. मी सही केली, ताई. बाबांसाठी केली असं मला म्हणता येईल, पण तेवढंच खरं नाही. मला ही नोकरी हवी आहे. मला फळ्यासमोर उभं राहायला अजूनही आवडतं, त्या दिवशीसुद्धा आवडलं होतं. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये. तू लगेच ‘जाऊ दे गं’ लिहिशील, ते मला नकोय.

मला एकच सांग. कपबशांच्या दुसऱ्या दिवशी त्या बाई आपल्या दारात आल्या असत्या, तर त्यांनी काय म्हटलं असतं म्हणजे तू परत गेली असतीस? नीट आठवून सांग. कामावर असताना विचार कर, घाई करू नकोस. महिना संपायला वीस दिवस आहेत आणि मी दर रविवारी तिच्याकडे जाणार आहे. पण माझ्याजवळची सगळी वाक्यं मी पुस्तकातून शिकलेय. ती तिच्यापुढे चालत नाहीत. ते एक वाक्य असलंच, तर ते फक्त तुझ्याकडे असेल.

आणि असं काही वाक्यच नसेल, त्या काहीही बोलल्या असत्या तरी तू गेली नसतीस, असं असेल, तर तेही लिही. तुझ्या स्वतःच्या हाताने लिही. कितीही वेळ लागू दे. मी थांबेन.

तुझी,
त्या बाईंसारखीच निघालेली,
धाकटी