चाकावरची होडी

वर्धा
९ नोव्हेंबर २००३

प्रिय आचल,

तुझ्या नावाआधी काय लिहावं, हे भूपेंद्र गेल्यापासून मला ठरवता आलेलं नाही. लोक जे लिहितात ते माझ्या हातून उतरत नाही, म्हणून नुसतं 'प्रिय'. सासऱ्याने सुनेला असं लिहू नये म्हणतात. म्हणोत.

बातमी अशी, की आपण शिडाची होडी घेतली आहे. हसू नकोस, हसणारे इथे कापड लाइनीत पुष्कळ आहेत. शेजारच्या दुकानाचे अण्णाजी रोज डोकावून विचारतात, "समुद्र कधी येऊन राह्यला वर्ध्याले?" त्यांना वाटतं, पोराच्या दुःखाने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. खरं तर हे खूळ भरवलं तुझ्या लेकीने. गेल्या उन्हाळ्यात बोर धरणावर नेलं तेव्हा स्वीटीने विचारलं होतं, आजोबांकडे एवढे तागे पडलेत, मग पाण्यावर एकही शीड कसं नाही? आयुष्यभर कापड विकलं, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर ती आली नाही. आधी तुमच्या दोघींच्या शाळा, मग दिवाळीत तुझी तब्येत. भंडारा काही परदेशात नाही, पण आम्ही समजून घेतो. घर मात्र फार शांत असतं गं.

तुला पाहायला आलो तेव्हा अर्ध्या तासात ठरलं होतं. होडीने तीन महिने घेतले. नागपूरला गजेंद्रबाबू म्हणून नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ फायबरच्या होड्या बांधतात. त्यांनी आधी शर्यतीची दाखवली, सडसडीत. वारा भरला की माणसाने बाहेर लोंबकळून तोल सांभाळायचा. तुझ्या सासूबाईंनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालू लागल्या. मग एक मोठी, छपराची, आत चौघं निजतील अशी. माझा जीव तिच्यावर जडला. पण तिच्या तळाला जड लोखंडी पातं कायमचं बसवलेलं. एकदा धरणात उतरवली की ती तिथलीच झाली. शेवटची चौदा फुटी, रुंद बुडाची. हिचं पातं दोरीने वर ओढता येतं, म्हणून गुडघाभर पाण्यातही ती काठाला लागते. डोलकाठी दोघांनी आडवी करायची, अख्खी होडी दोन चाकांच्या ट्रॉलीवर चढवायची आणि ट्रॉली जीपमागे जोडायची. मी सवयीने शिडाचं कापड चिमटीत धरून पाहिलं. वीण घट्ट होती. तुझी सासू शोभा मात्र आत जाऊन बसली. पाय कुठे, रोडग्यांचा डबा कुठे आणि पोरगी पाण्यावर वाकली तर तिचा फ्रॉक धरायला हात पोहोचतो की नाही, एवढंच तिने पाहिलं. पोहोचतो.

तरी मी मोठीवरच अडून बसलो होतो. माझा डाव असा, की बोरवर तशी ऐसपैस होडी असली म्हणजे स्वीटी हट्ट करील आणि तिच्या हट्टापुढे तुला प्रत्येक सुट्टीत वर्ध्याला यावंच लागेल. लालूच म्हण हवं तर. नातवंड दूर असलं की म्हातारी माणसं लबाड होतात.

बयाणा द्यायला निघणार, त्याच सकाळी तुझे वडील आले. वासुदेवराव एरवी बसायच्या आधी कापसाच्या भावाचं बोलतात. या वेळी चहाचा कप बाजूला सारला. मग मान खाली घालूनच सांगितलं, की तुझ्या शाळेतल्या प्रेमदास सरांनी तुला मागणी घातली आहे. माणूस चांगला आहे, स्वीटीला जीव लावतो, तुझ्याही मनात आहे, तरी तू नाही म्हणते आहेस. कारण विचारलं तर म्हणालीस, तिकडे दोघंच उरलीत, आता पोरगीही त्यांच्यापासून तोडू का?

ते गेल्यावर मी दुकान उघडलंच नाही. खोटं कशाला सांगू. भूपेंद्रच्या जागी दुसरं कोणी, हे डोळ्यांसमोर आणवेना. आणि आमच्यापायी तू स्वतःला असं बांधून घेतलंस, हे त्याहून सोसवेना. शोभा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "मोठी नाई पाहिजे. चाकावरची घ्या. पोरगी जिथं राहीन तिथं नेता येईन."

दुसऱ्या दिवशी जाऊन चाकावरची घेतली.

हे पत्र त्यासाठीच. आचल, तू सरांना हो म्हण. आमच्यासाठी थांबू नकोस. त्या ओझ्याखाली आम्हाला सुखाने म्हातारं होता येणार नाही. आमची अडचण वेगळीच आहे. लेकीच्या घरी बाप जातो, व्याह्याकडे व्याही जातो. पण सून दुसऱ्या घरी गेली की पहिल्या सासू-सासऱ्यांनी तिथे कोणत्या नात्याने जावं, याची आपल्यात रीत नाही. रीत नसली तर निमित्त तरी हवं. नवेगाव बांधचा तलाव तुमच्यापासून फार लांब नाही. आम्ही जीपमागे होडी बांधून येत जाऊ, तुम्हा तिघांना पाण्यावर फिरवू, आणि दिवस कलला की परत निघू. कोणी विचारलं हे कोण, तर होडीवाले म्हणून सांग. आम्हाला चालेल.

तुझेच,
मामाजी आणि आई