कासवाच्या पाठीवरचं नाणं

प्रिय अंगद,

रविवार, एकोणीस एप्रिल, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, म्हणजे समोरच्याला ‘असं कधी झालं?’ म्हणायला जागा राहत नाही. तर त्या वेळी तू आपल्या गावच्या यात्रेत, ‘समुद्र आपल्या दारी’ असा फलक लावलेल्या तंबूत, माईक हातात घेऊन म्हणालास की जिवंत कासवाचं दर्शन घ्या, पाठीवर नाणं ठेवा, नाणं टिकलं तर मनातली इच्छा पूर्ण. हे कुठल्या पोथीत वाचलंस? तुझ्या आजोबांनी आपल्या गावच्या देवळाची पूजाअर्चा बघितली, त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तू ते तिथल्या तिथे रचलंस आणि लोकांनी रांग लावली. यात्रा कमिटीचा अध्यक्ष बोलतोय म्हटल्यावर कोण विचारणार?

मीही रांगेत होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर रतनबाई सांगेल. आत्या भांडायला आली असं तुला वाटलं असेल. मी बघायला आले होते. समुद्रापासून इतक्या लांब, जिथे नदीला उन्हाळ्यात धड पाणी नसतं, तिथे समुद्रातलं कासव राहतं कसं, याची मला खरंच उत्सुकता होती. जन्मभर पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता रिटायर झाल्यावर तरी काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

रतनबाई माझ्या पुढे होती. शेजारीण म्हणून मी तिला ओळखते, ती उगाच कुणाला त्रास देणारी बाई नाही. तिने पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली, कासवाच्या पाठीवर बोटं ओढली आणि मागे वळून म्हणाली, “बाई, हे तर खरंखुरं हाय की ओ! दगडाचं न्हाई. बघा, डोळं मिचकावतंय.” मला हसू आलं आणि लगेच विरलं. आपल्याकडे गाभाऱ्याच्या आधी दगडी कासव असतं. आपण वाकतो, त्याला हात लावतो, मगच पुढे जातो. पिढ्यान्‌पिढ्या लावलेला हात तो. इथे समोर जिवंत कासव आल्यावर तो आपोआप पुढे गेला. रतनबाईचं त्यात काही चुकलं नाही. तू तोच हात वापरलास.

मग मी त्या निळ्या ताडपत्रीच्या हौदाशेजारी खुर्ची मागवली आणि बसले. तंबूच्या मालकाला वाटलं म्हातारी दमली. कासव श्वास घ्यायला वर येतं, हे तुला माहीत होतं का? माशासारखं पाण्यात राहून त्याला चालत नाही. नाक बाहेर काढावंच लागतं. आणि नाक वर आलं की चहूबाजूंनी हात पाठीवर पडायचे, ते दचकून पुन्हा खाली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, मोजवेना. त्याला श्वास हवा होता आणि आपल्याला दर्शन, आणि दोन्ही एकाच जागी होतं.

ते सारखं एकाच कोपऱ्याला धडका देत होतं. मला वाटलं, पश्चिम आहे ती, समुद्राकडे जायचं असेल याला. गहिवरून आलं. नंतर उठून पाहिलं तर त्या कोपऱ्यात नळीतून ताजं पाणी पडत होतं. तेव्हा गहिवर ठेवून दिला आणि हौदातलं पाणी बोटाने चाखलं. अंगद, रतनबाईची आमटी याहून खारट असते. मालकाला विचारलं तर म्हणाला, “टाकतो की जाडं मीठ, किराणा दुकानातून आणून.” बायका म्हणत होत्या कासव देवासाठी रडतंय. घरी येऊन मोबाईलवर वाचलं. समुद्रातली कासवं अंगातलं जादा मीठ डोळ्यांवाटे टाकतात, म्हणजे ते रडणं नव्हतं. पण ते रडत नाही एवढ्यावरून ते बरं आहे, असंही निघत नाही. नक्की काय वाटत असेल त्याला? मी तेव्हापासून हाच विचार करते आहे.

तुझं ते नाणं मात्र एकाचंही टिकत नव्हतं. ओल्या पाठीवरून सगळी घसरून तळाशी जात होती, लखलखत होती. कासव खाली गेलं, एका नाण्याजवळ थांबलं आणि त्याने तोंड उघडलं. नाणं आत गेलेलं मी पाहिलं. बाहेर आलेलं पाहिलं नाही. मी ओरडले तर मालक म्हणाला, “आजी, ते टाकतं बाहेर, सवय आहे त्याला.” सवय! म्हणजे पहिलं नाणं नव्हे ते.

तू सात वर्षांचा असताना मी तुला देवळात घेऊन जायचे. वैशाखात फरशी पोळत होती. तू धावत जाऊन तांब्या भरून आणलास आणि दगडी कासवावर ओतलास. तेव्हाचा पुजारी तुझ्या अंगावर आला. तू मला बिलगून म्हणालास, “आत्या, सगळे त्याच्यावर हात ठेवतात, त्याला पाणी कोण देतं?” ते मी कितीजणांना सांगितलं असेल! आमचा अंगद कसा आहे, म्हणून.

आता हे पत्र का, ते लिहिते. समुद्री कासव असं बाळगणं गुन्हा आहे. काल सकाळी मी वनखात्याचा नंबर फिरवला आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत फोन ठेवला. कारण त्यांचा पहिला प्रश्न असणार, हे इथे आणलं कुणी, आणि तंबू यात्रेत तूच बोलावलास म्हणून मला तुझं नाव घ्यावं लागणार. मी खोटं बोलणार नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हा तो फोन तू कर. तू बोलावून त्यांच्या ताब्यात दिलंस, तर तुझं नाव वेगळ्या रीतीने लिहिलं जाईल. नाणं पोटात असलेलं ते कासव घेऊन शुक्रवारी ट्रक पुढच्या यात्रेला, पुणतांब्याला निघणार आहे, मग काही हातात राहणार नाही. हे पत्र भिमाजीच्या हाती पाठवते आहे. पोस्टमन म्हणून रिटायर झाला तरी त्याला पत्र पोहोचवल्याशिवाय चैन पडत नाही. तोच उत्तर घेऊन येईल. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस. फोन केला, अमुक साहेब अमुक वेळी येणार, एवढं कागदावर, तुझ्या सहीने, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून गेले की तो नंबर मी फिरवेन, आणि या वेळी घंटा वाजू देईन.

तांब्या घेऊन धावलेल्या त्या पोराची,
तुझीच,
आत्या